पट्टीखालचा उजेड

आमच्या बाबांच्या क्लबाचा मूळपुरुष पेंढा भरलेला आहे. हे मी चेष्टेने म्हणत नाही. राखणा जातीचा पहिला कुत्रा, ज्याच्यापासून पुढचे सगळे झाले म्हणतात, तो मेल्यावर संस्थापकांनी त्याच्यात पेंढा भरून घेतला आणि त्याला काचपेटीत उभा केला. क्लबातली मंडळी त्याला मूळपुरुषच म्हणायची. लहानपणी बाबा मला सभेला न्यायचे आणि आधी त्या पेटीसमोर उभं करायचे. 'पाठ बघ,' म्हणायचे. खांद्यापासून शेपटीपर्यंत उतरत गेलेली पाठ. 'छपरावरून पाणी ओघळावे तशी' असं क्लबाच्या नियमांत लिहिलं होतं, आणि ते वाक्य मला मुळाक्षरांच्या आधी म्हणता यायला लागलं होतं.

मला स्वतःला कुत्र्यांचं वेड नाही. मी कपडे शिवते. माझ्या दुकानात कापडावर एक केस दिसला तरी गिऱ्हाईक नाक मुरडतं, आणि आमच्या घरात केस नाही अशी एक वस्तू शोधून सापडली नसती. आई गेल्यावर मी बाबांकडे राहायला आले, तेव्हा लोक म्हणाले, किती गुणाची मुलगी. गुणाची वगैरे काही नाही, दुकान त्यांच्याच घराच्या खाली होतं आणि मला रोज लांबून यायचा कंटाळा होता.

राखणा म्हणजे कळपाची राखण करणारा कुत्रा. अंगाने थोराड, रंगाने धुरकट, स्वभावाने गप्प. कळप गेले, कुरणं गेली, आणि हे कुत्रे शहरातल्या लोकांच्या बैठकीत येऊन बसले. बसले हे खरोखरच, कारण जरा वय झालं की त्यांचे मागचे पाय त्यांना उचलत नसत. क्लबात त्याला 'राखण्याचं बसणं' म्हणायचे, आणि ते इतक्या कौतुकाने म्हणायचे की जणू तो त्या बिचाऱ्यांचा रुबाबच. कुत्र्यांपाठोपाठ सभासदही एकेक करून बसले आणि मग उठले नाहीत. शेवटी अध्यक्ष म्हणून बाबा उरले, खजिनदार म्हणून खजिनदार उरले, आणि सभा कोणी कोणाची घ्यायची हा प्रश्न पडला.

क्लबाचा हॉल सोडायची वेळ आली तेव्हा शहरातल्या संग्रहालयाने मूळपुरुषाला ठेवून घ्यायची तयारी दाखवली. त्यांची अट एकच होती: बरोबर जातीचा आणि क्लबाचा इतिहास लिहून द्या. बाबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नसे, त्याच्या कडा तेवढ्या दिसत. त्यामुळे ते सांगायचे आणि मी दुकान बंद करून वर आले की टाइप करायचे. संस्थापकांचं प्रकरण झालं. त्यात संस्थापकांचं कापडाचं दुकान, दुकानाच्या जिन्याखाली कापडाचे नमुने मांडायला केलेलं काचेचं कपाट, आणि 'माझा कुत्रा माझ्या दुकानाच्याच पेटीत उभा राहील' हा त्यांचा हट्ट, असं सगळं आलं. दुकान पाडल्यावर ती पेटी तशीच उचलून हॉलमध्ये आणली, हेही आलं. मी ते मुकाट्याने टाइप केलं आणि पुढच्या पानावर गेले.

पुढचं प्रकरण बाबांचं स्वतःचं होतं. ते एका ओतकामाच्या कारखान्यात लाकडी नमुने करायचे. यंत्राचा भाग ओतायचा तर आधी त्याचा तंतोतंत लाकडी नमुना लागतो, आणि बाबांच्या नमुन्यात केसाइतका फरक कोणाला कधी सापडला नाही. ते क्लबात आले तेव्हा परीक्षक पिल्लांची पाठ नुसत्या नजरेने पारखत. एकाला जे पिल्लू पसंत ते दुसऱ्याला नापसंत. ज्याचं सकाळी बायकोशी भांडण झालेलं असेल तो सगळीच नापास करी, आणि जेवून आलेला सगळीच पास करी. बाबांना हा सावळागोंधळ सहन होईना. त्यांनी मूळपुरुषाची पेटी उघडायला लावली, त्याच्या पाठीचा उतार कागदावर घेतला, तो पिल्लाच्या मापाला लहान केला आणि मुरलेल्या लाकडाची एक पट्टी कापली. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की त्याला खिडकीसमोरच्या टेबलावर उभं करायचं, पाठीवर पट्टी ठेवायची आणि पलीकडून बघायचं. पट्टी पाठीला चिकटली तर पिल्लू राखणा. पट्टीखालून उजेड दिसला तर नाही.

ज्याच्या पाठीवर उजेड दिसे ते मागच्या दाराने जाई. हे आमच्या घरातलं बोलणं होतं. 'या वेळचं एक मागच्या दाराने गेलं,' असं बाबा आईला सांगायचे आणि आई मान हलवायची. मागच्या दाराबाहेर मोरी होती, मोरीशेजारी झाकणाचा पत्र्याचा डबा होता, आणि बेशुद्ध करायच्या औषधाची बाटली वरच्या फळीवर होती. पिल्लू कोणाला देऊन का टाकत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. बाहेर गेलेलं पिल्लू वीण बिघडवेल, असं उत्तर मिळालं. बाबा ते काम दुसऱ्या कोणाला करू देत नसत. अध्यक्षाने पट्टी लावायची आणि पुढचं दुसऱ्याने निस्तरायचं हे त्यांना पटत नसे. त्या दिवशी ते जेवत नसत, आणि आई रेडिओ मोठा करायची.

या प्रकरणाच्या शेवटी बाबांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "लिही. आता कित्येक वर्षांत मागचं दार उघडावं लागलेलं नाही. प्रत्येक पिल्लू पट्टीला बसतं. जात स्थिर झाली आहे." मग म्हणाले, "मथळा तोच दे. जात स्थिर झाली." मी तोच मथळा दिला.

त्या वेळी आमच्याकडे बयो होती. पिल्लं होण्याजोगी ती शेवटची राखणी. वय म्हणाल तर ऐन तारुण्य, आणि चालणं म्हणाल तर माझ्या आजीचं शेवटचं वर्ष. मागचे पाय एकमेकांत अडकायचे, मग ती बसायची आणि आपल्याच पायांकडे मागे वळून बघायची, जणू कोणी दुसऱ्याने ते तिथे ठेवलेत. डॉक्टरांनी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनी, तिच्या कमरेचा एक्स-रे काढला होता आणि आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की हिला पिल्लं होऊ देऊ नका. बाबांनी तिला खजिनदारांच्या कुत्र्याकडे नेलं. नात्याने तो तिचा मामा लागत होता. या जातीत आता मामा, आजोबा आणि नवरा ही तिन्ही कामं एकाच कुत्र्याला करावी लागत.

मला कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाबा, तिला स्वतःला उभं राहता येत नाही, आणि तुम्ही तिच्यावर पिल्लांचं ओझं घालताय?"

"ती शेवटची आहे. तिच्यानंतर या जातीत कोणी उरत नाही."

"नसेल उरत. तिला आहे ते आयुष्य नीट जगू द्या."

"तुला नाही कळायचं ते."

"हो, मला कापडच कळतं फक्त," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही आठवडाभर कामापुरतं बोललो.

संग्रहालयाच्या बाई मूळपुरुषाला बघायला आल्या त्या याच सुमारास. जुन्या कातड्यांची डागडुजी करणं हे त्यांचं काम. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, बोटांना कायम कसलासा डिंक लागलेला. त्यांनी पेटी उघडली आणि मूळपुरुषाच्या कानात विजेरी मारून सांगितलं की किडे लागलेत, आतून उसवावं लागेल. पण उसवण्याआधी आत तारा कुठे आहेत ते दिसलं तर बरं. अशा जुन्या कामात पायांची हाडं खरीच ठेवलेली असत आणि त्यांना तारेने बांधून वर पेंढा गुंडाळत. कुठेतरी एक्स-रे काढता येईल का, असं त्यांनी विचारलं.

म्हणून मूळपुरुषाला चादरीत गुंडाळून आम्ही टॅक्सीने डॉक्टरांकडे नेलं. बाबा पुढच्या सीटवर, मागे मी आणि बाई, आणि आमच्या मांडीवर आडवा मूळपुरुष. डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं, त्याच टेबलावर जिथे बयोला घेतलं होतं. "असा शांत पेशंट मला कधी मिळत नाही," असं म्हणून ते आत गेले. बाबा खुशीत होते. बाईंना सांगत होते की बघा, पाठ बघा, शंभर पिढ्या गेल्या तरी हा उतार हलला नाही.

डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर लावली आणि कपाटातून बयोची फिल्म काढून शेजारी लावली. मग दोन्हीवरची नावं तपासली. त्यांनी असं का केलं ते मला त्या दोन चित्रांकडे बघूनच थोडंसं समजलं. बयोच्या मांडीच्या हाडाचं वरचं टोक झिजून चपटं झालं होतं आणि खोबणीबाहेर लोंबत होतं. मूळपुरुषाचं तेच टोक गोल होतं, गोटीसारखं.

"हा कुत्रा धावत होता," डॉक्टर म्हणाले. "याच्या पायांना काहीही झालेलं नव्हतं."

"तेच तर सांगतोय मी," बाबा म्हणाले. "मूळ रक्त आहे ते."

बाई पुढे झाल्या. गुडघ्याखालच्या हाडावर बोट ठेवून त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हे हाड मोडलेलं नाही. करवतीने कापलंय. मधला तुकडा काढून टाकलाय आणि उरलेली दोन टोकं तारेने जोडलीत. दोन्ही पायांत, एकाच जागी."

"असं कोण कशाला करेल?"

"मागची बाजू खाली आणायची असेल तर करेल." त्या थोड्या घुटमळल्या. "ती पेटी अशी का आहे? वरून उतरती? मला आल्यापासून ते विचारायचं होतं."

ते पान मी स्वतः टाइप केलं होतं. जिन्याखालचं कपाट. जिना उतरतो तसं कपाटाचं छप्पर उतरतं. लहानपणापासून त्या पेटीसमोर मी उभी राहिले होते आणि काचेचा उतार आणि पाठीचा उतार एकाच रेषेत चाललेत हे डोळ्यांना दिसत असून मला दिसलं नव्हतं. मलाच काय, क्लबात कोणालाच दिसलं नव्हतं. हॉलमध्ये जिना नव्हता, त्यामुळे पेटी अशी का, हे कोणी विचारलं नाही. जुन्या वस्तू तशाच असतात असं धरून सगळे चालले होते.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं. त्यांना फिल्मची चौकट दिसत होती, आतलं काही नाही. "अरे, कोणी बोलेल का?"

डॉक्टर खिडकीकडे बघायला लागले. बाई डिंकाची बोटं पुसायला लागल्या. शेवटी मीच बोलले. मला गोडीत सांगता येत नाही, मी जे होतं ते सांगितलं. की मूळपुरुषाची पाठ सरळ होती. की तो उभा राहिला तर जिन्याखालच्या पेटीत मावत नव्हता. की संस्थापकांचा हट्ट पुरवायला पेंढा भरणाऱ्याने त्याचे मागचे पाय कापून आखूड केले आणि त्याला छताखाली बसवलं.

बाबा खुर्चीत सरळ बसून होते. त्यांनी हात पुढे केला, टेबलावरच्या मूळपुरुषाची पाठ चाचपली, खांद्यापासून शेपटीपर्यंत, आणि हात तिथेच ठेवला.

"म्हणजे मी जिन्याचं माप घेतलं," ते म्हणाले.

पेटीत मावावा म्हणून एका मेलेल्या कुत्र्याला कापलं, आणि त्याच्यासारखे दिसावेत म्हणून जिवंत कुत्र्यांना पिढ्यान्पिढ्या आखूड करत आणलं. आधीच्या परीक्षकांना नजरेने पारखायची खोड होती, ते चुकायचे, आणि त्या चुकण्यामुळेच काही सरळ पाठी तगून जायच्या. मग माझे बाबा आले. त्यांच्या हातून चूक होत नसे.

आणि मागच्या दाराने जी गेली ती मूळपुरुषाची खरी नातवंडं होती. हे गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात आलं. बाबांच्या डोक्यात माझ्याआधी आलं असणार, कारण घर येईपर्यंत ते रडत होते. बाबांना मी आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. माझा त्यांच्यावरचा राग तेवढ्यापुरता कुठल्या कुठे गेला. मला त्यांची भयंकर कीव आली.

इतिहासाचं काम थांबलं. खजिनदारांना मी फोनवर सगळं सांगितलं तर ते काठी टेकत घरी आले आणि बाबांसमोर बसून पाढा वाचायला लागले. "अध्यक्ष, हे लिहायची काही गरज नाही. त्या बाईंना सांगा, आतलं काम तुमचं तुमच्यापाशी ठेवा. क्लबाचा इतिहास क्लबाची शोभा करायला असतो. सगळी मंडळी गेली, आता कोणाच्या थडग्यावर ही घाण टाकायची?"

बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचा कुत्रा हल्ली उठतो का?"

"राखणे बसतातच, अध्यक्ष. तुम्हाला माहीत आहे."

"मूळपुरुष बसत नव्हता," बाबा म्हणाले. खजिनदारांनी चहा अर्धा टाकला आणि ते गेले.

त्याच संध्याकाळी बाबांनी मला टाइप करायचं मशीन उघडायला सांगितलं. ते म्हणाले, "लिही. पट्टी मी केली. मला कोणी करायला सांगितली नव्हती." मग त्यांनी सगळं सांगितलं: कागद कसा धरला, रेघ कशी मारली, डबा कुठे असायचा, बाटली कुठे असायची. मला हात थांबवावासा वाटला, पण त्यांनी थांबू दिलं नाही. कोणत्या पिल्लाने जाताना त्यांचं बोट चाटलं होतं तेही त्यांनी सांगितलं.

इतकं झाल्यावर त्यांना एकच आशा उरली, आणि ती बयोच्या पोटात होती. डॉक्टर तिला तपासायला आले तेव्हा बाबांनी त्यांचा हात धरला. "एखादं सरळ निघेल का? पूर्वी प्रत्येक वेताला एखादं तरी निघायचं."

"निघालं तर सोनंच," डॉक्टर म्हणाले. "एक जरी सरळ पाठीचं मिळालं तरी बाहेरच्या चांगल्या कुत्र्याशी जमवून जात पुन्हा उभी करता येईल. पण आपल्याला तसं एक लागेल. आहे तेच सगळं खाली आलेलं असेल तर उभं कशाच्या जोरावर करणार?"

"निघेल," बाबा म्हणाले. "रक्त कुठे जातंय."

मला ते मथळ्याचं पान आठवलं. जात स्थिर झाली. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंडात आलेलं गिळलं. मला ते गिळायची सवय नाही.

बयोला पोट फाडून सोडवावं लागलं. चार पिल्लं निघाली, एक मेलेलंच होतं. बयो त्यानंतर उठली नाही. ती आडवी पडून पिल्लांना पाजायची, आणि बाबा तिच्याशेजारी सतरंजीवर बसून तिला कूस बदलायला लावायचे, दिवसातून कितीदा ते मोजत नसत. मी दुकानातली जाड लोकर आणून तिच्या कमरेखाली गादी शिवून दिली. गादी तिला आवडली. माझ्या हातचं तिला आवडलेलं तेवढं एकच. पिल्लं स्वतःची खायला लागली त्या आठवड्यात तिच्या कमरेखालचं सगळं बधिर झालं आणि डॉक्टर सुई घेऊन घरी आले. बाबांनी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. डॉक्टरांचा मदतनीस तिला उचलून सवयीने मोरीच्या बाजूला निघाला, कारण गाडी मागे लावलेली होती.

"तिकडून नाही," बाबा म्हणाले. "पुढच्या दाराने न्या." मदतनीसाने गाडी फिरवून पुढे आणली.

पिल्लं दोन महिन्यांची झाली. बाबांनी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि मला दुकान उघडू दिलं नाही. खिडकीसमोरचं टेबल मी पुसलं. कपाटातून पट्टी काढली. ती फडक्यात गुंडाळलेली होती आणि इतकी वर्षं हातांत राहून तिला काळपट चकाकी आली होती. बाईंना ती संग्रहालयात मूळपुरुषाशेजारी ठेवायची होती. बाबा म्हणाले होते, पिल्लं मोजून झाली की घेऊन जा.

आजवर या टेबलापाशी उजेड दिसू नये म्हणून सगळं चालायचं. आज तो दिसावा म्हणून आम्ही दोघं उभे होतो. बाबांनी पहिलं पिल्लू उभं केलं, पोटाखाली हात धरला, पट्टी ठेवली.

"बघ."

मी वाकून पट्टीच्या काठाला डोळा लावला. पलीकडे लख्ख ऊन होतं. पट्टी आणि पाठ यांच्यामध्ये फट नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि दुसरं घेतलं. दुसरं वळवळत होतं, त्याला धरून ठेवायला वेळ लागला. पट्टी ठेवल्याबरोबर ते शांत झालं, जणू ती त्याच्या अंगावरचाच एक भाग होती.

"नाही, बाबा."

तिसरं पिल्लू, मादी, सगळ्यांत लहान होतं. तिच्यावर बाबांचा डोळा आधीपासून होता. ती बाकीच्यांपेक्षा जास्त उभी राहते असं ते दोन दिवस म्हणत होते. त्यांनी तिला नीट उभं केलं, पाय सारखे लावले, पट्टी ठेवली, उचलली, कणभर पुढे सरकवून पुन्हा ठेवली.

"आता बघ. घाई करू नको. कंबरेपाशी बघ."

मी पाहिलं. घाई केली नाही. इकडून पाहिलं, टेबलाला वळसा घालून तिकडून पाहिलं. मग मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्या चेहऱ्याच्या दिशेने बघत होते, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यांना पट्टीखालचा उजेड दिसणं शक्य नव्हतं. मी जे सांगेन ते त्यांना दिसणार होतं. डॉक्टरांना मी नंतर सांभाळून घेतलं असतं, बाईंना सांगितलं असतं. किती दिवस उरलेत यांचे, असं माझ्या मनात आलं.

"दिसतोय," मी म्हटलं. "थोडासा. कंबरेपाशीच."

बाबांनी डाव्या हाताने पट्टी तशीच दाबून धरली आणि उजव्या हाताच्या करंगळीचं नख पट्टीखाली सरकवून पाहिलं. खांद्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू, कारखान्यात नमुना तपासत असतील तसं, शेपटीपर्यंत गेले. मग परत आले. नख कुठेही आत शिरलं नाही.

"चोख काम केलं मी," ते म्हणाले.

त्यांनी पट्टी उचलून टेबलावर ठेवली आणि पिल्लू माझ्या हातात दिलं. मी पिल्लू खाली ठेवलं. ते भावंडांकडे दोन पावलं गेलं आणि बसलं.